बोल्ड, कंडेन्स्ड आणि इटॅलिक सॅन्स सेरिफ: असा फॉन्ट घडतो कसा आणि तो कुठे चालतो

आपला प्रश्न असा आहे: धावण्याच्या एका स्पर्धेचे सगळे दृश्य काम, म्हणजे बोधचिन्ह, भित्तिपत्रक, धावपटूंच्या छातीवरचे क्रमांक, सोबतच्या गाडीवरचा मजकूर आणि संकेतस्थळ, एकाच बोल्ड (ठळक), कंडेन्स्ड (अरुंद), इटॅलिक (तिरप्या) आणि सॅन्स सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा, म्हणजे सेरिफ, नसलेल्या) फॉन्टमध्ये करावे का, आणि आपल्याकडच्या फॉन्टमध्ये फक्त उभा बोल्ड असल्यामुळे तोच सॉफ्टवेअरमध्ये आडवा दाबून, मग तिरपा करून काम भागेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. काम भागणार नाही, आणि का भागणार नाही ते पुढे आकड्यांनिशी सांगते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मजकूर किती लांब आहे, तो किती अंतरावरून आणि किती वेळात वाचला जाणार आहे, आणि तो कागदावर, कापडावर की पडद्यावर उमटणार आहे, यावर अवलंबून आहे.

मी शीर्षकांसाठी अक्षरे आखते आणि इतरांनी आखलेली अक्षरे मोठ्या फलकांवर बसवून देते. या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. लोक अशा फॉन्टकडे तीन गुणांची बेरीज म्हणून पाहतात: ठळकपणामुळे जोर, अरुंदपणामुळे जागेची बचत आणि तिरकेपणामुळे वेग. प्रत्यक्षात हे तिन्ही गुण अक्षराच्या पोटातल्या पांढऱ्या जागेवर ताण टाकतात. रेघ जाड केली की पोट भरत जाते, अक्षर अरुंद केले की पोट आकसते आणि ते तिरपे केले की उरलेल्या पोटाचे दोन कोपरे चिंचोळे होतात. म्हणून असा फॉन्ट आखणे म्हणजे मुख्यतः उरलेला पांढरा भाग नीट वाटून देणे, आणि तो वापरणे म्हणजे तो पांढरा भाग वाचकाच्या डोळ्यापर्यंत शाबूत पोहोचेल अशाच ठिकाणी वापरणे.

हे तीन गुण मुळात एकत्र जन्मलेले नाहीत. इटॅलिक अक्षरे व्हेनिसमध्ये आल्डस मानुटियस यांच्या छापखान्यातून आली. फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी कोरलेल्या त्या अक्षरांत १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची छोट्या आकाराची आवृत्ती निघाली, आणि तिच्यात इटॅलिक हे जोर देण्यासाठी नसून सबंध पुस्तकाचेच अक्षर होते. कॅपिटल अक्षरे तर उभीच होती. सेरिफ नसलेले पहिले लॅटिन मुद्राक्षर १८१६ च्या सुमारास चौथ्या विल्यम कॅसलन यांच्या नमुन्यांत दिसते आणि त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती. ठळक आणि अरुंद अक्षरे वाढली ती एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिपत्रकांवर, कारण तिथे ठरलेल्या रुंदीच्या कागदावर दुरून दिसेल असा लांब शब्द बसवायचा असे. या गुणांची शिस्तबद्ध मांडणी एड्रियन फ्रुटिगर यांच्या १९५७ च्या युनिव्हर्स या फॉन्ट-कुटुंबात पाहायला मिळते. त्यातल्या प्रत्येक फॉन्टच्या क्रमांकातला पहिला आकडा वजन, म्हणजे रेघेची जाडी, सांगतो आणि दुसरा रुंदी व तिरकेपणा. ५५ म्हणजे साधा उभा, ६७ म्हणजे बोल्ड कंडेन्स्ड, ६८ म्हणजे बोल्ड कंडेन्स्ड ऑब्लिक (तिरपा). आपण ज्याच्याबद्दल विचारत आहात तो हा अडुसष्टावा. तो पासष्टाला, म्हणजे साध्या रुंदीच्या उभ्या बोल्डला, दाबून आणि वाकवून तयार केलेला नाही, ते स्वतंत्र रेखाटन आहे.

आता आपल्या दाबण्याकडे वळू. समजा, आपल्या बोल्ड फॉन्टमध्ये १००० एककांच्या चौकटीत कॅपिटल अक्षराची उंची ७०० आहे, उभ्या दांड्याची जाडी १५० आहे आणि आडव्या रेघेची १३०. उभी रेघ आडवीपेक्षा थोडी जाड ठेवावी लागते, कारण दोन्ही मोजून सारख्या ठेवल्या तर डोळ्याला आडवीच जाड वाटते. हे अक्षर रुंदीत ७० टक्क्यांवर दाबले की उभा दांडा १०५ होतो आणि आडवी रेघ १३० वरच राहते. म्हणजे डिझायनरने मुद्दाम ठेवलेले नाते उलटे होते. 'ई' या कॅपिटल अक्षराचे तीन आडवे हात त्याच्या पाठीच्या कण्यापेक्षा जड दिसू लागतात. 'ओ' वरून आणि खालून सुजल्यासारखा दिसतो आणि बाजूंनी अशक्त होतो. शिवाय आपण बोल्ड निवडला तो उभ्या दांड्यांच्या जोरासाठी, आणि दाबण्याने नेमका तोच जोर गेला.

तिरपे करण्यात वेगळे नुकसान आहे. सॉफ्टवेअर अक्षराचा तळ जागेवर ठेवून माथा उजवीकडे सरकवते. असा सरकवलेला 'ओ' मोठा करून पाहा. त्याची रेघ वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या वळणावर जाड झालेली असते, वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या वळणावर बारीक. सगळे अक्षर एका कर्णावर ताणल्यासारखे दिसते. कॅपिटल 'ए'मध्ये तर हे सहज मोजता येते: डावा पाय अधिक आडवा होऊन बारीक होतो, उजवा पाय अधिक उभा होऊन जाड होतो. 'व्ही'मध्ये डावी रेघ जाड होते आणि उजवी बारीक. साध्या वजनाच्या फॉन्टमध्ये हा फरक डोळा पोटात घालतो; बोल्डमध्ये तो लपत नाही. त्यात क्रमाचाही प्रश्न आहे. १२ अंश तिरपे केलेले अक्षर नंतर ७० टक्क्यांवर दाबले की त्याचा कोन सुमारे ८.५ अंश उरतो. म्हणून एकाच भित्तिपत्रकावर दोन ओळी वेगवेगळ्या प्रमाणात दाबल्या, तर त्या दोन वेगवेगळ्या कोनांत झुकतात, आणि पाहणाऱ्याला नक्की काय खटकते ते सांगता आले नाही तरी खटकते.

मग हे अक्षर नीट आखतात कसे? माझी पद्धत अशी आहे की आधी उभा बोल्ड कंडेन्स्ड पूर्ण करायचा आणि तिरप्याचा विचार त्यानंतर करायचा. अरुंद 'ओ' हा दाबलेले वर्तुळ नसतो. त्याच्या दोन्ही बाजू जवळपास सरळ उभ्या असतात आणि वळण फक्त माथ्याला व तळाला असते, धावण्याच्या मैदानातल्या मार्गिकेसारखे. बाजू सरळ केल्या की पोटाला लांबच लांब, पण एकसारख्या रुंदीची जागा मिळते, आणि 'एन', 'एच', 'ओ' एकमेकांशेजारी एका तालात उभे राहतात. आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बऱ्याच बारीक कराव्या लागतात, विशेषतः स्मॉल 'ए', 'ई', 'जी' आणि 'एस'मध्ये, जिथे थोड्याशा उंचीत आडव्या रेघांचे तीन थर बसवायचे असतात. तेवढ्यासाठी अशा फॉन्टमध्ये स्मॉल अक्षरांची उंचीही मोठी ठेवतात. 'एम' आणि 'डब्ल्यू' यांना सगळ्यांसारखी जाडी देता येत नाही. त्यांचे आतले पाय मुद्दाम बारीक केले नाहीत तर शब्दात त्या जागी काळा डाग पडतो.

रेघा जिथे जुळतात तिथे सर्वांत जास्त वेळ जातो. स्मॉल 'एन'ची कमान दांड्यातून निघते तो सांधा बोल्डमध्ये शाईने भरतो, म्हणून तिथे रेघ आतून कोरून बारीक करतात. मॅथ्यू कार्टर यांनी दूरध्वनी निर्देशिकेसाठी केलेल्या, १९७८ च्या बेल सेंटेनियलमध्ये या सांध्यांवर खोल खाचा दिसतात. स्वस्त कागदावर बारीक अक्षर छापताना पसरणारी शाई त्या खाचांत मुरावी हा त्यांचा हेतू होता. आपल्या अक्षरांना इतक्या खोल खाचा लागणार नाहीत, पण तत्त्व तेच आहे. कापडावर रंग पसरतो, मागून प्रकाश टाकलेल्या फलकावर उजेड पसरतो, आणि दोन्हीकडे पहिला बळी सांध्याचा जातो.

यानंतर तिरकेपणा. सॅन्स सेरिफमध्ये तो बहुतेक वेळा १० ते १२ अंशांच्या आसपास असतो, पण अरुंद अक्षराला तोच कोन जास्त वाटतो, त्याचे कारण साध्या गणितात आहे. १२ अंशांना ७०० उंचीच्या अक्षराचा माथा सुमारे १४९ एकके सरकतो. 'ओ' ७०० रुंद असेल तर हे सरकणे त्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढे होते. तोच 'ओ' ३८० रुंद असेल तर ते जवळजवळ दोन पंचमांश होते. आणि १५० जाडीचा कॅपिटल 'आय' घेतला, तर त्याच्या माथ्याचा डावा कोपरा थेट तळाच्या उजव्या कोपऱ्याच्या वर येऊन उभा राहतो. ते अक्षर आता पडेल असे वाटते. म्हणून मी बोल्ड कंडेन्स्डला शक्यतो ९ किंवा १० अंश देते. कोन दिल्यानंतर प्रत्येक गोलाकार पुन्हा हाताने सुधारते: वरच्या उजव्या खांद्यावरची जास्तीची जाडी काढते आणि वरच्या डाव्या खांद्यात ती भरते. 'ए', 'व्ही', 'एक्स' यांचे पाय पुन्हा तोलते. 'एस'चा कणा मुळातच डावीकडून उजवीकडे उतरतो आणि तिरपे केल्यावर तो जाड व उभट होतो, त्यामुळे तो जवळपास नव्याने काढावा लागतो.

स्मॉल 'ए' दुमजली ठेवावा की हस्ताक्षरातल्यासारखा एकमजली करावा, यावर मतभेद आहेत. एकमजली केला की एक आडवा थर वाचतो आणि पोट मोकळे होते, हे खरे. पण ठळक आणि अरुंद अक्षरांत एकमजली 'ए' आणि 'ओ' दुरून सारखे दिसतात, म्हणून फलकांच्या कामासाठी मी दुमजली 'ए'च्या बाजूची आहे, त्यासाठी तो किंचित रुंद करावा लागला तरीही.

हे सगळे स्वतः आखण्याची आपल्याला गरज नाही. बार्लो कंडेन्स्ड, रोबोटो कंडेन्स्ड आणि फिरा सॅन्स कंडेन्स्ड या तिन्ही मुक्त परवान्याच्या कुटुंबांत बोल्ड इटॅलिक स्वतंत्रपणे दिलेला आहे. व्यावसायिक फॉन्टमध्ये युनिव्हर्सच्या जोडीला ट्रेड गॉथिकचा बोल्ड कंडेन्स्ड ऑब्लिकही आहे. याउलट गूगल फॉन्ट्सवरचे ऑस्वाल्ड आणि बेबस न्यूए अरुंद व भारदस्त असले तरी त्यांना इटॅलिक नाही. संकेतस्थळावर त्यांना इटॅलिक करण्याची आज्ञा दिली की ब्राउझर मुकाट्याने स्वतःच अक्षर तिरपे करतो, आणि वर सांगितलेले सगळे दोष त्यात येतात. स्टाइलशीटमध्ये 'फॉन्ट-सिंथेसिस'चे मूल्य 'नन' ठेवले की हा बनाव बंद होतो आणि आपल्याकडे खरे इटॅलिक आहे की नाही ते लगेच कळते. 'फॉन्ट-स्ट्रेच'मुळे अक्षर दाबले जाईल अशीही अनेकांची समजूत असते. ती आज्ञा फक्त कुटुंबात असलेल्या रुंदींपैकी जवळची निवडते. व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे ज्यात वजन, रुंदी किंवा तिरकेपणा आकडा देऊन हवा तसा ठरवता येतो असा फॉन्ट, घेतलात तर तिरकेपणाच्या अक्षावर उजवीकडे झुकण्यासाठी उणे आकडा द्यावा लागतो हे लक्षात असू द्या, कारण तिथे कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात.

आता वापर. बोधचिन्हाचे दोन-तीन शब्द आणि भित्तिपत्रकाचे शीर्षक हे या फॉन्टचे हक्काचे घर आहे. अक्षर मोठे असते, शब्द थोडे असतात आणि अरुंदपणाचा खरा फायदा तिथेच मिळतो: तेवढ्याच रुंदीत अक्षर जास्त उंच करता येते. अरुंद अक्षर घेऊन त्याची उंची वाढवली नाही, तर वाचकाच्या पदरात काहीच पडत नाही, उलट वाचनीयता कमी होते. मी अनेक फलकांवर पाहिले आहे की फॉन्ट अरुंद निवडला आणि वाचलेली जागा रिकामी सोडली, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिथे आणखी मजकूर भरला. शीर्षक चार शब्दांपलीकडे जात असेल तर सगळी कॅपिटल अक्षरे टाळावीत. अरुंद, जाड, तिरप्या कॅपिटलची लांब ओळ वाऱ्याने कललेल्या कुंपणासारखी दिसते. स्मॉल अक्षरांचे वर-खाली जाणारे दांडे शब्दाला त्याची बाह्याकृती परत देतात.

एकाखाली एक दोन-तीन ओळी लावत असाल, तर त्या डावीकडे एकाच उभ्या रेषेत लावू नका. अक्षरे झुकलेली आणि कडा मात्र उभी, असे झाले की ओळींचा गठ्ठा मागे कोसळल्यासारखा वाटतो. प्रत्येक खालची ओळ अक्षरांच्या कोनाइतकीच डावीकडे सरकवा. कोन १० अंश आणि दोन ओळींतले अंतर १०० मिलिमीटर असेल तर सरकवण्याचे माप सुमारे १७.६ मिलिमीटर येते. मागे पट्टी किंवा चौकट द्यायची असेल तर तिच्या बाजूही त्याच कोनात कापाव्यात. दोन-तीन अंशांचा फरकही अपघात झाल्यासारखा दिसतो.

गाडीवरच्या मजकुराबद्दल एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, कारण ती बहुतेकांच्या लक्षात रंग वाळल्यानंतर येते. गाडीच्या उजव्या बाजूकडे पाहताना तिचे तोंड आपल्या उजवीकडे असते, म्हणून तिरपी अक्षरे पुढे झेपावतात. डाव्या बाजूने पाहताना तोंड डावीकडे असते, आणि तीच अक्षरे गाडीच्या मागच्या टोकाकडे कलतात. माझ्या एका कामात ग्राहकाने त्या बाजूची अक्षरे उलटी, म्हणजे डावीकडे झुकवून मागितली आणि मी ती तशी करून दिली. तो निर्णय चुकीचा होता. डावीकडे झुकलेले लॅटिन अक्षर वाचनाच्या दिशेविरुद्ध जाते, आणि तीच संस्था दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या संस्थांसारखी दिसू लागली. आता मी दोन्हीकडे अक्षरे तशीच ठेवते आणि वेगाची दिशा मागच्या पट्ट्यांतून किंवा रंगाच्या उतारातून दाखवते. मुळात तिरकेपणाचा अर्थ फक्त वेग असाही नाही. बार्बरा क्रूगर यांच्या कलाकृतींत फ्यूचरा बोल्ड ऑब्लिकमधली वाक्ये कुठेच धावत नाहीत. ती वाचणाऱ्याला थांबवून जाब विचारतात.

छातीवरचे क्रमांक मात्र या फॉन्टमध्ये करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. क्रमांक हलत्या माणसावर असतो, कापड चुरगळते, आणि तो वाचणाऱ्याला किंवा छायाचित्रातून शोधणाऱ्याला शब्दासारखा संदर्भाचा आधार नसतो. शब्दातले एक अक्षर भरून गेले तरी शब्द कळतो. क्रमांकातला ३ भरून ८ झाला तर तो दुसऱ्याच धावपटूचा क्रमांक होतो. ६, ८ आणि ९ यांची पोटे ठळक अरुंद रूपात आधीच लहान असतात आणि ३, ५, ६ यांची उघडी तोंडे जवळजवळ मिटलेली. त्यामुळे त्याच कुटुंबातला उभा बोल्ड, फार तर किंचित अरुंद, आणि अंकांमध्ये थोडी जास्त मोकळीक द्यावी. कुटुंब एकच असल्यामुळे नाते टिकते. मार्गावरच्या दिशादर्शक पाट्यांनाही हाच नियम लावा. निकालाच्या तक्त्यांत सर्व अंक सारख्या रुंदीचे निवडा, नाहीतर वेळेचे स्तंभ वेडेवाकडे दिसतात.

संकेतस्थळाचा आणि माहितीपत्रकाचा सलग मजकूर साध्या रुंदीच्या, साध्या वजनाच्या अक्षरात हवा. तिथे बोल्ड कंडेन्स्ड इटॅलिक फक्त मथळ्यांना द्या, आणि मथळ्यातलाच एखादा शब्द उठवायचा असेल तर त्याला रंग द्या, कारण जो फॉन्ट आधीच ठळक आणि तिरपा आहे त्यात आणखी जोर द्यायला जागा उरत नाही. तिरप्या शब्दानंतर उभा कंस किंवा उभे अवतरणचिन्ह आले की 'एफ', 'टी', 'डी' यांचे माथे त्याला जाऊन धडकतात. तिथे हाताने थोडे अंतर वाढवावे लागते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर छपाई आणि पडदा यांत उलट गोष्टी घडतात: छपाईत आजूबाजूची शाई पांढऱ्यात शिरून अक्षर बारीक करते, तर उजळ पडद्यावर अक्षर सुजते आणि पोट बुजते. म्हणून पडद्यासाठी मी एक पायरी हलके वजन घेते.

आपल्या प्रश्नात देवनागरीचा उल्लेख नाही, पण शीर्षक मराठीतही लागणारच, म्हणून सांगते. लॅटिनच्या शेजारी देवनागरी ओळ त्याच कोनात सरकवू नका. देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही आणि अक्षराची घडण वेगळी आहे. तिरपे केल्यावर शिरोरेषा आडवीच राहते आणि काना तेवढा झुकतो. मुळात डावीकडे कललेली मात्रा उभट होते आणि तिचा झोक जातो. जोडाक्षरांतल्या गाठी, ज्या ठळक वजनात आधीच घट्ट असतात, भरून जातात. खंड आणि टेको यांसारखे अरुंद देवनागरी फॉन्ट उभेच आखलेले आहेत. तोच उभा अरुंद बोल्ड घ्यावा आणि लॅटिनशी मेळ रंगाच्या घनतेने व ओळीच्या उंचीने साधावा. मराठी ओळीलाही कल हवाच असेल, तर फक्त बोधचिन्हापुरता, ५ ते ६ अंशांचा, आणि प्रत्येक अक्षर हाताने दुरुस्त करून.

निवड पक्की करण्यापूर्वी एक चाचणी करा. आपल्या स्पर्धेचे नाव आणि ३, ५, ६, ८, ९ हे अंक प्रत्यक्ष मापात छापून भिंतीवर लावा, पाहणारा प्रत्यक्षात जितक्या अंतरावर असेल तितके मागे जा आणि डोळे किंचित मिटून पाहा. प्रत्येक अक्षराच्या पोटातला पांढरा भाग आणि दोन अक्षरांमधला पांढरा भाग साधारण सारख्या वजनाचा वाटला पाहिजे. पोटे आधी बुजली तर वजन एक पायरी कमी करा. अक्षरांमधली फट आधी बुजली तर अंतर थोडे वाढवा. आणि छापलेला नमुना त्याच कापडावर, त्याच रंगात, एकदा ओला करूनही पाहा, कारण धावपटूंच्या अंगावर तो बहुतेक वेळ ओलाच असणार आहे.